टॅब घरात बरा, गोठ्यात फोनच

पहाटे पाच-चाळीसला फोन वाजला की कुणाचं तरी मशीन बंद पडलंय, हे आमच्या शाळेतल्या पोरालाही कळतं. "वैनी, मशीन धार ओढंना झालंय. बारा गाई हायत, हातानं कोण पिळणार? सायबास्नी लगोलग धाडा." आमचे हे काही साहेब नाहीत. दूध काढायच्या मशीनची दुरुस्ती करतात. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पेट्या लावायच्या आणि कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल, कधी पार गगनबावड्यापर्यंत फिरायचं. हाताखाली एक पोरगा आहे, तो दुसऱ्या गाडीवर. फोन घेणं, कोण कुठं जाणार ते ठरवणं, बिलं, उधारी आणि शिव्या खाणं ही खाती माझ्याकडं.

या धंद्याला आम्ही एक टॅब आणि तीन फोन लावलेत, त्याला तीन वर्षं होत आली. एसीवाले, आरओवाले, इन्व्हर्टरवाले ओळखीत आहेत. त्यातला कोणी ना कोणी विचारतोच, "वहिनी, टॅब घेऊ का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहून टाकते.

आधी सगळं वहीत होतं. शाहूपुरीत आमचा भाड्याचा गाळा होता. जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी आत आलं आणि खालच्या कप्प्यातल्या नऊ वह्यांचा लगदा झाला. कुणाच्या मशीनला कुठल्या नंबरचा बेल्ट, कोणाकडं किती बाकी, सगळं निळं पाणी होऊन गेलं. बाकीवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी आपणहून येऊन पैसे दिले, हेही सांगायला पाहिजे. काहींनी नाही दिले, त्यांची नावं मला वहीशिवायही पाठ आहेत. तरी शहाणपण यायला आणखी दोन वर्षं गेली.

टॅब घेतला तो राजारामपुरीतून, तेरा हजारांच्या आत, पावणेनऊ इंची, फक्त वायफायवाला. बेत असा होता की हे टॅब घेऊन गोठ्यावर जातील, तिथंच नोंद करतील, तिथंच बिल करतील, गिऱ्हाइकाची सही बोटानं घेतील. कागद कशाला लागतोय! हा बेत पंधरा दिवस टिकला.

पहिली गोष्ट ऊन. दुकानात ट्यूबलाइटखाली झकपक दिसणारा टॅब अंगणात नेला की आपलंच तोंड दिसतं. स्वस्त टॅबचा उजेड चारशे निट्सच्या आसपास असतो, उन्हात तो कुठं पुरणार? दुसरी गोष्ट, त्यात सिम नाही. म्हणजे फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवायचा, आणि अकरा वाजायच्या आत फोनची बॅटरी निम्मी. आमच्या टॅबमध्ये जीपीएसही नव्हतं, हे घरी आल्यावर कळलं. वायफायवाल्या स्वस्त टॅबमध्ये ते बऱ्याचदा नसतं, घेताना विचारून घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे हात. गोठ्यात काम करणाऱ्याचे हात ओले असतात आणि ते पाण्यानंच ओले असतात असं नाही. ओल्या बोटाला पडदा एकतर दाद देत नाही, नाहीतर एकाच्या जागी चार ठिकाणी दाबल्यासारखं करतो.

आणि चौथी गोष्ट कालवड. ह्यांनी टॅब पेंडीच्या पोत्यावर टेकवून ठेवला आणि पंपाचं तेल बघायला वाकले. मागनं कालवडीनं येऊन निवांत टॅब चाटला. जिभेला टचस्क्रीन चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. इकडं घरी माझ्यासमोरच्या गुगल शीटमध्ये वडणग्याच्या एका गिऱ्हाइकाची आख्खी ओळ गायब झाली आणि तिथं 'ममममवव' असलं काहीतरी उमटलं. मी फोन करून विचारलं, "हे काय लिहिलंय?" तर पलीकडनं नुसता हसण्याचा आवाज. ओळ परत आणता आली, शीटला जुनी आवृत्ती काढायची सोय आहे. पण टॅब त्या दिवसापासून घरात राहिला तो राहिलाच.

आणि घरात तो सोन्यासारखा आहे. ओट्यावर पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. गुगल शीटमध्ये एक साधी यादी आहे, ती दोन्ही गाड्यांच्या फोनवरही उघडते. फोनवर ती यादी वाचणं म्हणजे फटीतनं लग्न बघण्यासारखं. टॅबवर गाव, जनावरं, मशीन, बेल्ट, शेवटची फेरी, बाकी, सगळं एका नजरेत. मोठ्या पडद्याचे पैसे तिथं वसूल होतात.

त्या यादीतला माझा लाडका रकाना लायनरचा. मशीनच्या कपात रबराचा लायनर असतो, जनावराच्या सडाला तोच लागतो. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारा झाल्या की बदलायचा असतो. पण शेतकरी धारा मोजत बसत नाही, तो फाटेपर्यंत वापरतो. मग कप सटकतो, दूध आत राहतं आणि कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजते. डॉक्टरचा खर्च लायनरच्या कितीतरी पट. म्हणून हिशेब मी मांडलाय. बारा गाई दुधात, दोन वेळा म्हणजे दिवसाला चोवीस धारा. एकाच क्लस्टरवर, म्हणजे चार कपांच्या एका जोडावर चालत असेल तर अडीच हजाराला चोवीसनं भागलं की एकशेचार दिवस. दोन क्लस्टर असतील तर दुप्पट. चार गाईवाल्याचं गणित तीनशेच्या वर जातं, पण रबर तसंही कडक होतं, म्हणून सहा महिने आणि हा आकडा यातलं जे आधी येईल ते धरायचं. तारीख जवळ आली की ओळ लाल होते आणि मी फोन लावते.

यात एक मेख आहे, ती मला उशिरा कळली. गोठ्यात बारा गाई म्हणजे दुधात बारा नव्हेत. दोन आटलेल्या असतात, एक गाभण, एक विकायला काढलेली. म्हणून आता कुणाचाही फोन आला की मी पहिलं विचारते, "काका, आत्ता दुधात किती?" लोकांना वाटतं वहिनी आपुलकीनं चौकशी करतात. आपुलकी असतेच, पण आकडाही बदलायचा असतो.

मधे तीन महिने आम्ही पैसे भरून एक तयार ॲपही वापरलं. फिरत्या सर्व्हिसवाल्यांसाठीच असतं म्हणे. नाव सांगत नाही, कारण शहरातल्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करणाऱ्याला ते चांगलं असेलही. माणशी महिन्याला पैसे. गिऱ्हाइकाचा ईमेल भरल्याशिवाय पुढं जात नाही. दुपारी दोन ते चार असा 'स्लॉट' निवडा म्हणतं. आमच्याकडं स्लॉट दोनच: सकाळच्या धारेच्या आत आणि संध्याकाळच्या धारेच्या आत. काम झाल्यावर गिऱ्हाइकाच्या फोनवर ओटीपी जातो, तो विचारून भरायचा, मग काम पुरं. कोतोलीच्या बाजूला एका अण्णांना ह्यांनी ओटीपी मागितला. अण्णा म्हणाले, "ब्यांकेनं सांगितलंय, ओटीपी कुणालाबी द्यायचा न्हाई. तुम्हाला कसा देऊ?" बरोबरच होतं त्यांचं. ते काम ॲपमध्ये शेवटपर्यंत अर्धवटच दिसत राहिलं. आम्ही शीटवर परत आलो.

आता फोन. खरं तर धंदा फोनवरच चालतो, आणि त्यातही आवाजावर. मशीनला पल्सेटर असतो, तो लायनर उघड-झाक करतो. टक-टक असा आवाज येतो, मिनिटाला साठच्या आसपास ठोके. पहाटे फोन आला की मी सांगते, "दादा, मशीन चालू करा, पल्सेटरजवळ फोन धरा आणि अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाका." तीस ठोके आले तर पल्सेटर ठीक, दुखणं दुसरीकडं. वीस-बावीसच आले तर हवेच्या भोकात घाण बसलेली असते. ती ब्रशनं कशी काढायची याचा आमचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तयार आहे, तो पुढं ढकलते. ठोके नाहीतच आणि नुसताच फुस्स आवाज येतोय, तर पाइप फाटलेला असतो नाहीतर कॅनच्या झाकणाचं रबर गेलेलं. मशीनची ओढ (व्हॅक्यूम) दाखवणाऱ्या गेजचा फोटो मागवते. काटा पन्नास किलोपास्कलच्या आसपास पाहिजे, तीसवर लोंबकळत असेल तर ह्यांना उठवते. सुरुवातीला ठोके ह्यांनाच ऐकवायचे. आता मी भाकरी थापता थापता मोजते.

गेल्या महिन्यात अशा सात फेऱ्या वाचल्या. त्यातली एक गगनबावड्याची होती, म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. वाचलेल्या फेरीचे पैसे मागायचे का, यावर घरात अजून एकमत नाही. हे म्हणतात, नको. मी म्हणते, डॉक्टर फोनवर गोळी सांगतो तेव्हा फी घेतो की नाही?

दुसरा उपयोग फोटोचा. मोटरची पाटी, बेल्टवरचा नंबर, पल्सेटरचा प्रकार, सगळ्याचे फोटो पहिल्या फेरीतच काढायचे. बेल्टवरचा नंबर सहा महिन्यांत घासून जातो आणि मग उद्यमनगरात दुकानदारासमोर "असा असा होता" म्हणून हातानं दाखवत बसावं लागतं.

बोलून मराठी टाइप करणं हे गोठ्यातल्या हातांसाठी वरदान आहे, फक्त नंतर एकदा वाचून घ्या. आमच्या शीटमध्ये आजही एक नोंद आहे: 'पल्सर उघडली, घाण काढली, धार चालू.' मी मुद्दाम दुरुस्त केली नाही.

पत्त्याचं मात्र कुठल्याच फोननं पुरतं सोडवलेलं नाही. नकाशा गावापर्यंत नेतो, गोठा मळ्यात असतो. ऊस डोक्यावर गेला की पाणंदी सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून पहिल्या फेरीला गोठ्याच्या दारात उभं राहून लोकेशन पाठवायचं, ते मी शीटमध्ये चिकटवते. फोनमध्ये नावंही आम्ही गावापासून सुरू करतो. नुसतं 'पाटील' लिहून या जिल्ह्यात काय उपयोग? 'वडणगे पाटील पत्र्याचा गोठा विहिरीजवळ' असं. ह्यांचं लाइव्ह लोकेशन सकाळी आठ तासांसाठी चालू करून घेते. ह्यांना ते आवडत नाही, पाळत ठेवल्यासारखं वाटतं म्हणे. पण मधेच कुणाचा फोन आला तर जवळची गाडी कुठली हे मला दिसतं. चहाच्या टपरीवर किती वेळ थांबले तेही दिसतं, पण ते मी बोलत नाही.

पावसाळ्यात पहाटे शीटच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पाणी चढतंय असं दिसलं की चिखली-आंबेवाडीकडची कामं आदल्या दिवशीच उरकायची.

पावसातच फोनची दोन दुखणी निघाली. चार्जिंगच्या भोकात ओल शिरली की 'ओलावा आहे' असं दाखवून फोन चार्ज व्हायलाच तयार होत नाही. फुंकर मारू नका, काडी घालू नका, वाऱ्यावर ठेवा. दुसरं, फोन मोटरसायकलच्या हँडलला लावू नका. आमच्या एका फोनचा कॅमेरा त्या हादऱ्यानं कायमचा थरथरायला लागला, आता बेल्टचा नंबर म्हटलं की नुसता धूर. तो फोन घरात यूपीआयचे मेसेज बघायला ठेवलाय.

पैशाचं थोडक्यात सांगते. क्यूआर कोड लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतनं चिकटवलाय, बाहेर लावला तर शेणानं माखतो. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवत नाही. खात्यात आलेलं मी इथं बघते आणि मगच ह्यांना "निघा" म्हणते. उधारी मागायची वेळ दर दहा दिवसांनी, दूधबिल जमा झालं की. त्या दिवशी सकाळी टॅबवर 'बाकी' या रकान्याला गाळणी (फिल्टर) लावते आणि नऊ वाजता पहिला फोन. दुपारी लावला तर बिल सोसायटीच्या हप्त्यात गेलेलं असतं.

रेंजचं लक्षात ठेवा. कळे-साळवणच्या पुढं ती येते-जाते, म्हणून शीट फोनवर ऑफलाइन उघडेल अशी आधीच करून ठेवायची. पोरगा एकदा विसरला आणि गोठ्यातनं निघून फोनवर बेल्टचा नंबर विचारायला टेकडीवर चढून गेला.

घ्यायचंच असेल तर आधी चांगला फोन घ्या. उन्हात दिसणारा, पाणी सोसणारा, मोठ्या आवाजाचा. टॅब नंतर, आणि घरात फोन उचलणारं माणूस असेल तरच. एकट्यानं फिरणाऱ्याला टॅब म्हणजे पेटीतलं आणखी एक ओझं. आमच्या टॅबची बॅटरी आता दुपारी तीनलाच मान टाकते, त्यामुळे तो मिक्सरच्या प्लगला बांधल्यासारखा झालाय, चटणी वाटायची म्हटलं की आधी टॅब काढावा लागतो. दिवाळीत नवा घेऊ. यावेळी सिमवाला, आणि तोही ओट्यावरच राहील.