समानार्थी शब्दांचं ॲप: 'जुलूम' टाकला आणि सगळी पोल उघडी पडली

साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी व्याकरण शिकवतो, त्यामुळं असली ॲपं मोबाईलात येत-जात असतात. ह्याचं नाव देत नाही, प्ले स्टोअरवर अशी ढिगानं पडलीत आणि ज्यानं वापरलंय त्याला वाचता वाचता कळेलच. फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं, फॉन्ट मोठा, जोडाक्षरं फुटत नाहीत. इथपर्यंत झकास.

आता मुद्द्याचं. 'जुलूम' टाकला की खाली एका ओळीत येतं: अत्याचार, छळ, जाच, त्रास, दडपशाही, पिळवणूक, शोषण, सासुरवास, अन्याय. बास. कुठला शब्द कुठं वापरायचा, एक अक्षर नाही. क्लासमधल्या एका पोरानं प्रतिसरकारवरच्या (इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेलं समांतर सरकार) निबंधात सरळ लिहिलं, 'इंग्रजांनी शेतकऱ्यांना सासुरवास केला'. सगळा वर्ग हसला, पण पोराचा काय दोष, ॲपनं ओळीत बसवलाय शब्द त्यानं उचलला.

अहो हे शब्द एका माळेचे मणी नाहीतच. जाच घरातला असतो, रोजचा, बारीक बारीक, सासूचा नाहीतर साहेबाचा. पिळवणूक म्हणलं की पैसा नाहीतर घाम आला, सावकार व्याजात पिळतो, मालक मजुरीत पिळतो. दडपशाहीला सत्ता लागते, पोलीस लागतात. मुस्कटदाबी आणि गळचेपी बोलण्याची होते, उपाशी ठेवलं तर त्याला कोण मुस्कटदाबी म्हणत नाही (हे दोन्ही शब्द ॲपमध्ये नाहीतच!!). वेठबिगारी म्हणजे फुकट राबवून घेणं, तोही गायब. आपल्याच जिल्ह्यातलं घ्या, ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला ती दडपशाही, आणि पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव ज्या सावकारांना वठणीवर आणलं त्यांची चालायची ती पिळवणूक. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पण सातारा जिल्ह्यातच होता, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांच्या पोरांना हा फरक आजोबा-पणजोबांच्या गोष्टीतनं माहीत असायला पाहिजे, पण ॲप उघडलं की डोकं बंद.

सगळ्यात मोठी खोट प्रत्ययाची. जुलूम लोकांवर होतो, छळ लोकांचा होतो, जाच लोकांना होतो. हे कुठंच दिलेलं नाही, म्हणून पोरं बिनधास्त 'जनतेवर छळ केला' लिहितात आणि वर मलाच विचारतात सर चुकलं कुठं. लिंग पण नाही दिलेलं, तो जुलूम, ती पिळवणूक, ते शोषण, एवढं लिहायला किती जागा लागते हो?

क्रियापदांचा तर पत्ताच नाही. गांजणे, पिडणे, नाडणे, नागवणे, एकसुद्धा सापडलं नाही. आणि खरी मराठी तिथंच आहे, सावकारानं नाडलेला कुणबी म्हणलं की माणूस डोळ्यापुढं उभा राहतो, शोषित शेतकरी म्हणलं की सरकारी परिपत्रक. बोलीतलं म्हणाल तर दंडेली नाही, अरेरावी नाही, झोटिंगशाही नाही. 'काय मोगलाई लागून गेलीय का' हे आमच्याकडं एसटीत जागेवरनं भांडताना पण ऐकू येतं, ॲपला मोगलाई माहीतच नाही. विरुद्धार्थी म्हणून 'दया' दिलंय. जुलमाच्या उलट दया? न्याय तरी द्यायचा, तो 'अन्याय'च्या पानावर आहे फक्त.

मग मी काय वापरतो? शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही फुकट आहेत, जाहिराती नाहीत. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची, आपल्या नायगावात सावित्रीबाई जन्मल्या तेच साल, साईटवरची १८५७ ची दुसरी आहे. अर्थ इंग्रजीत आहेत त्यामुळं पोरं आधी कुरकुरतात. दाते-कर्वे मराठीतनं मराठी आहे आणि शब्द वापरायचा कसा ते तिथं कळतं. फक्त जुनं लेखन आहे, गांजणे शोधायचं तर 'गांजणें' असा अनुस्वार द्यावा लागतो, नाहीतर कधीकधी सापडत नाही आणि पोरं म्हणतात साईट बोगस आहे. दिसायला जुनाट आहे हे मान्य, मोबाईलवर बोटानं झूम करत बसावं लागतं.

ॲपमध्ये दर दोन-तीन शब्दांनी फुल स्क्रीन जाहिरात, बंद करायची फुली इतकी बारकी की बोट हमखास जाहिरातीवरच पडतं. ह्याला जाच म्हणतात, जुलूम नाही, बघा फरक कळाला का 😄

पोलीस भरतीला 'समानार्थी शब्द ओळखा' एवढ्या एका मार्कासाठी चालून जाईल, चार पर्यायातनं एक निवडायचाय तिथं ही ओळ पुरते. राज्यसेवेच्या निबंधाला घेऊन बसू नका. पाचपैकी दोन स्टार, दुसरा स्टार ऑफलाइन चालतं म्हणून. जाहिराती काढायला पैसे मागतात ते देऊ नका, आधी डेव्हलपरनं लिंग आणि प्रत्यय टाकू द्या मग बघू.