पिवळ्या लेबलवरची ती ओळ

जुन्या रेकॉर्डी विकत घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझे २२० पौंड गेले, तुमचे जाऊ नयेत.

बर्मिंगहॅमजवळच्या एका रेकॉर्ड मेळ्यात बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी' अल्बमची एलपी हाती लागली. मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची), पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीचं पिवळं-काळं लेबल. विक्रेता म्हणाला, "त्रेसष्टची आहे, सालच छापलंय बघा." छापलं होतं खरं: 'रेकॉर्डिंग फर्स्ट पब्लिश्ड १९६३'. सोनेरी-काळ्या लेबलच्या पहिल्या प्रती माझ्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्याच वर्षी लेबल पिवळं-काळं झालं, हेही खरं आहे. त्याने तेवढंच सांगितलं आणि मी भुललो. लेबलवर कुठल्याशा दुकानाचा किमतीचा गोल स्टिकर होता. मला ती जुनेपणाची खूण वाटली.

रात्री दिव्याखाली धरून बघताना स्टिकरची कड नखाला लागली आणि अलगद सुटली. खाली चंदेरी बारीक अक्षरं होती: 'सोल्ड इन यू.के. सब्जेक्ट टू रीसेल प्राइस कंडिशन्स, सी प्राइस लिस्ट्स', म्हणजे पुनर्विक्रीच्या किमतीच्या अटी पाळूनच विकायची. वाचलं आणि पोटात गोळाच आला.

त्या काळी ब्रिटनमध्ये कंपनी ठरवेल त्याच किमतीला दुकानदाराने रेकॉर्ड विकायची, अशी पद्धत होती. १९६४च्या रीसेल प्रायसेस ॲक्टने तिच्यावर घाव घातला. ज्यांना ती चालू ठेवायची होती, त्यांना त्यासाठी खास सूट मागावी लागणार होती. त्याच सुमारास पार्लोफोनची मालक असलेल्या ईएमआयच्या लेबलांवर ही ओळ आली आणि १९६९मध्ये गेली. म्हणजे ही ओळ असलेली तबकडी १९६३ची असूच शकत नाही. छापलेलं साल ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचं असतं, तबकडी साच्यात दाबून काढल्याचं, म्हणजे प्रेसिंगचं, नाही. पुढची कित्येक वर्षं तेच साल छापत राहिले.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. लेबलच्या कडेने गोल फिरणारा मजकूर 'द ग्रामोफोन कं. लि.'ने सुरू होत होता. १९६३मध्ये तिथे 'द पार्लोफोन कं. लि.' असायचं, बदल १९६५च्या सुमाराचा. ही खूण झाकलेलीही नव्हती. मला ती वाचता येत नव्हती, एवढंच.

विक्रेत्याला फोन केला. "बघून घेतलीत ना?" म्हणाला. पैसे रोख दिलेले, पावती नाही. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

लेबलवर स्टिकर दिसला तर विक्रेत्यालाच तो काढायला सांगा, नाही म्हणाला तर रेकॉर्ड खाली ठेवा. दोन्ही बाजूंच्या लेबलांची कडेची अक्षरं भिंगातून वाचा. आणि पावतीवर नुसतं नाव नको, 'प्रेसिंग १९६३' असं त्याच्या हातचं लिहून घ्या. खरी असेल तर तो लिहील.

रेकॉर्ड वाजते सुरेख. आतल्या कागदी पाकिटावर मी पेन्सिलीने 'प्रेसिंग १९६५ किंवा नंतरचं' असं लिहून ठेवलंय.