'दामिनी' ॲप : विजेचा इशारा वेळेवर

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोफत ॲप मराठवाडा-विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये असायलाच हवे, कारण विजेचे बळी बहुतेक उघड्या रानातच जातात. नकाशावर आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे दिसतात. बाहेरच्या वर्तुळात विजांच्या खुणा उमटू लागल्या, की औत सोडून, झाडाचा आडोसा न घेता, पक्के घर गाठायला सहसा अवधी मिळतो, आणि तोच मोलाचा. मात्र लोकेशन चालू आणि इंटरनेट सुरू असल्याशिवाय इशारा पोहोचत नाही. शिवारात रेंज जात असेल, तर पावसाळी दुपारी घरच्या माणसाने ते पाहत राहावे आणि रानातल्यांना वेळीच हाक मारावी.