तिकीट कापलं: आता रिट टाकायची की निवडणूक याचिका?

बी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) मिळूनही अर्ज बाद झालेल्या माणसाला पहिल्या रात्री दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, उद्या सकाळीच हायकोर्ट गाठ, रिट टाक, म्हणजे अर्ज बाद करण्याचा निर्णय लगेच फिरवून माग. दुसरा म्हणतो, निकाल लागू दे, मग निवडून आलेल्याच्या निवडीला आव्हान देणारी निवडणूक याचिका टाक. मी दोन्ही करून बसलोय. विधानसभेची गोष्ट, पक्ष कुठला ते राहू द्या.

तिसरा रस्ता म्हणजे पक्षावर दिवाणी दावा. तो आधीच बाजूला ठेवतो. पक्षाची घटना हा सभासदांमधला करार, उमेदवार पक्षाच्या मंडळाने ठरवायचा आणि इथे एकट्या नेत्याने रातोरात नाव फिरवलं, हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण तुमच्या हातातली घटना आणि निवडणूक आयोगाच्या दप्तरातली घटना एकच आहे का, हे आधी बघा. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात पक्षाच्या घटनेतली २०१८ ची दुरुस्ती आयोगाच्या नोंदीवर नसल्याचा मुद्दा केवढा महागात पडला, ते महाराष्ट्राने पाहिलंय. घटना मोडली तेवढ्यावरून आयोग पक्षाची नोंदणी रद्द करेल, ही आशाही नको. २००२ साली सुप्रीम कोर्टाने ते दार जवळपास बंद केलं. आणि 'अमक्यालाच बी फॉर्म द्या' असा हुकूम कोर्टाने पक्षाला दिलेला निदान माझ्या पाहण्यात नाही.

माझं प्रकरण असं. शेवटच्या दिवशी सकाळी अर्ज भरला, सोबत माझ्या नावाचा बी फॉर्म. दुपारी पक्षाकडून दुसऱ्याच्या नावाचा बी फॉर्म आला, आधीचा रद्द समजावा असा उल्लेख असलेला. हा उल्लेख नसता तर ज्याचा अर्ज आधी, तोच पक्षाचा उमेदवार, असा आयोगाच्या निवडणूक चिन्हांच्या आदेशातला नियम आहे, म्हणजे मीच. मुदत तीन वाजेपर्यंत. बाहेर उभी असलेली आमची पोरं सांगतात, तो लिफाफा आत गेला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. नोंद मात्र २.५५ ची. दुसऱ्या दिवशी छाननीत मी पक्षाचा उमेदवार उरलो नाही, आणि पक्षाचा नाही म्हटल्यावर एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरत नाही, दहा लागतात. अर्ज बाद. (एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. दहा सूचकांचा एक जादा अर्ज टाकून ठेवला असता तर अपक्ष म्हणून तरी उभा राहिलो असतो. हे शहाणपण मला छाननीच्या टेबलासमोर सुचलं.)

रिटचं आकर्षण उघड आहे. अर्ज मागे घ्यायच्या मुदतीला दोन दिवस उरलेले, यश आलं तर नाव थेट मतपत्रिकेवर. वकिलांनी सकाळी कोर्टापुढे तातडीची विनंती केली (त्याला मेन्शन म्हणतात), दुपारी प्रकरण सुनावणीला आलं. एवढ्या वेगाचं मला आजही कौतुक आहे. पण सुनावणी उभी राहिली ती एकाच प्रश्नावर: ही याचिका चालण्यायोग्य आहे का? आड आलं राज्यघटनेचं कलम ३२९(ब), म्हणजे निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच, आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल. तोही अर्ज बाद झालेल्या माणसाचाच होता आणि त्यात कोर्टाने सांगितलं होतं की निवडणूक सुरू झाली की मध्येच दाद मागता येत नाही. २००० च्या अशोककुमार निकालाने थोडी फट ठेवलीय, पण निवडणूक पुढे न्यायला मदत होत असेल तरच, अडवायला नाही. चाळीस मिनिटं वकील बोलत होते, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते की नाही, हा शब्दही कुणाच्या तोंडून निघाला नाही. हरल्याचं तेवढं वाटलं नाही. माझं म्हणणं खरं की खोटं हे कुणी विचारलंच नाही, ते मात्र अजून सलतं.

निवडणूक याचिका म्हणजे वेगळाच ताप. निकालापासून ४५ दिवस, एक दिवस उशीर झाला तरी माफी नाही. २,००० रुपये अनामत, ते ठीक. पण प्रतिवादीला द्यायच्या प्रतीवर 'खरी प्रत' असं स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं. ते राहिलं तर याचिका सुरुवातीलाच निकालात निघू शकते. वकील म्हणाले, पानापानावर करा. जोडपत्रं धरून चारशेच्या आसपास पानं होती, बोट सुजलं. कायदा सांगतो की सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न होतो, एवढंच म्हणेन.

पण एक गोष्ट फार मोलाची. अर्ज चुकीने बाद झाला हे सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवड रद्द होते. तुम्हाला किती मतं पडली असती हे सिद्ध करावं लागत नाही. चुकीने स्वीकारलेल्या अर्जाच्या बाबतीत निकालावर परिणाम झाल्याचं दाखवावं लागतं, इथे नाही. आणि अर्ज बाद झालेला माणूसही याचिकेपुरता 'उमेदवार' मानला जातो.

कागदावरच चूक उघडी पडलेली असेल, एकही साक्षीदार लागणार नसेल, तर रिट करून बघायला माझी ना नाही. नगरपालिका-महापालिकेवाल्यांनी मात्र ४५ दिवस डोक्यात धरून बसू नये. तिथले कायदे वेगळे, मुदत फारच कमी, निकालाच्या दिवशीच वकिलांना फोन करा. तुमच्या प्रकरणात वेळेचा, सहीचा, कागद कुणी कुणाला दिला याचा वाद असेल, तर मी आपला निवडणूक याचिकेकडे झुकतो.

माझ्या याचिकेत साक्षीदारांची पाळी यायला दोन वर्षं लागली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना समन्स गेलं, ते आले, पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलांनी नोंदवही पुढे केली आणि विचारलं, हे २.५५ तुमच्या हातचं अक्षर का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "नाही, माझं नाही. कुणी लिहिलं ते आता आठवत नाही."