‘आमच्या नोट्समधूनच प्रश्न आले’ : चालू घडामोडींच्या बॅचचा सोलापुरातील अनुभव

सोलापुरात राहून राज्यसेवेची किंवा गट ब आणि गट क सेवांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना ‘चालू घडामोडींची हमखास बॅच’ विकली जाते, आणि अशाच एका बॅचमध्ये माझे आणि माझ्या मावसबहिणीचे प्रत्येकी साडेनऊ हजार रुपये गेले. आमची तक्रार अद्याप निकाली निघालेली नसल्याने त्या क्लासचे नाव येथे देत नाही. फसवणूक कशी केली जाते याचा तपशील मात्र देत आहे, कारण तक्रारीनंतर जे उमेदवार आम्हाला भेटले त्यांच्यापैकी काहींना हीच युक्ती दुसऱ्या क्लासच्या नावाने दाखवली गेली होती.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमात ‘राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी’ हा पहिलाच घटक आहे आणि त्याला ना पुस्तक आहे, ना शेवटचे पान. राज्यघटनेचा किंवा भूगोलाचा अभ्यास कधीतरी पूर्ण झाल्यासारखा वाटतो. या घटकाबाबत मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीही काहीतरी राहून गेल्याची धाकधूक असते, आणि बाजार चालतो तो या धाकधुकीवर. त्यात पुण्याला जाऊन खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेचा खर्च करणे ज्यांना परवडत नाही त्यांना आपण मागे पडतो आहोत असे आधीपासूनच वाटत असते, त्यामुळे ‘पुण्याचे सर आता सोलापुरात’ असा फलक लागला की अभ्यासिकेत दिवसभर दुसरा विषय नसतो.

मोफत मार्गदर्शन म्हणून एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला होता. तेथे पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवण्यात आली: डाव्या बाजूला आधीच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न आणि उजव्या बाजूला त्यांच्या टेलिग्राम चॅनेलवरील पोस्ट, जिच्यावर परीक्षेच्या तीन आठवडे आधीची तारीख स्पष्ट दिसत होती. प्रश्नातील तपशील आणि पोस्टमधील तपशील शब्दशः जुळत होता. असे अठरा प्रश्न दाखवून झाल्यावर सरांनी फळ्यावर 18 गुणिले 2 असे लिहून 36 गुणांभोवती वर्तुळ काढले आणि कट-ऑफ किती गुणांनी हुकतो, असा प्रश्न सभागृहाला विचारला. ज्यांचा कट-ऑफ एक-दोन गुणांनी हुकला होता त्यांच्यासाठी त्यानंतर काही सांगण्याची गरज उरली नव्हती. बाहेर टेबलावर बसलेल्या मॅडम ज्याला-त्याला हेच सांगत होत्या, “ताई, दोनच सीट राहिल्यात, उद्या फी वाढणार आहे, नाव तर टाकून ठेवा.” पैसे ज्या क्यूआर कोडवर घेतले तो क्लासच्या नावाचा नव्हता, एका व्यक्तीच्या नावाचा होता, आणि पावतीवर ‘शैक्षणिक साहित्य’ एवढेच लिहिलेले होते. त्या दोन शब्दांचा उपयोग त्यांनी पुढे कसा केला ते ओघात येईलच.

बॅच सुरू झाल्यावर दर आठवड्याला एक पीडीएफ मिळू लागली. तिच्यातील निम्म्याहून अधिक मजकूर पत्र सूचना कार्यालयाच्या म्हणजे पीआयबीच्या मराठी निवेदनांतून जसाच्या तसा उचललेला होता. इतका, की काही ठिकाणी निवेदनाच्या शेवटी असणारी ‘सोशल मिडियावर आम्हाला फॉलो करा’ ही ओळसुद्धा काढायची राहून गेली होती. ही निवेदने कोणालाही फुकट वाचता येतात. राज्याची आकडेवारी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या अहवालातून घेतली होती आणि तोही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. फुकट मिळणारी माहिती निवडून, नीट लावून कोणी विकत असेल तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण निवड करणे हेही कष्टाचे काम आहे. येथे निवडही नव्हती आणि तपासणीही नव्हती. अभिजात भाषांच्या पानावर सहाच भाषा दिल्या होत्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसह पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना तो दर्जा दिल्यानंतर ही संख्या 11 झाली आहे, आणि निदान मराठी माध्यमाच्या नोट्समध्ये तरी ही चूक राहायला नको होती. 11 जुलै 2025 रोजी जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले 12 किल्ले सरसकट महाराष्ट्रातील म्हणून दिले होते. वास्तविक त्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, आणि प्रश्न तयार करणारा नेमका अशाच अपवादावर बोट ठेवतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याचे नावही त्या पानांत जुनेच होते. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये 100 प्रश्नांना 200 गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण वजा होतात. म्हणजे खात्रीने चुकीचे पाठ केलेले एक वाक्य मिळू शकणारे दोन गुण तर घालवतेच, वर अर्धा गुण आणखी नेते.

या चुका दाखवल्यावर ‘पुढच्या अंकात दुरुस्ती येईल’ असे उत्तर मिळत असे. येथपर्यंतचे सगळे निकृष्ट कामात मोडते आणि त्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी चॅनेलवर ‘पुन्हा एकदा आमच्या नोट्समधूनच’ अशी घोषणा झाली आणि त्याखाली प्रश्न व पोस्ट यांची तशीच जोडचित्रे येऊ लागली. माझ्या मावसबहिणीचा अभ्यास माझ्यापेक्षा काटेकोर आहे. ती प्रत्येक पीडीएफ आली त्याच दिवशी डाउनलोड करून तिची छापील प्रत काढत असे. चित्रात दाखवलेला तपशील तिने आपल्या प्रतीत शोधला तेव्हा तो तेथे नव्हताच. चॅनेलवर जाऊन तीच जुनी पोस्ट उघडून फाइल पुन्हा डाउनलोड केली, तर पान 37 च्या तळाशी एक चौकट आलेली होती, जिच्यातील अक्षरांचे वळण उरलेल्या पानाशी जुळत नव्हते आणि जिला जागा करून देण्यासाठी वरच्या परिच्छेदातील दोन ओळी गाळलेल्या होत्या. फाइलच्या माहितीत ‘शेवटचा बदल’ या नोंदीपुढे परीक्षेच्याच दिवसाची दुपारची वेळ होती.

यामागील युक्ती अगदी साधी आहे. टेलिग्रामच्या चॅनेलवर ॲडमिनला जुनी पोस्ट नंतर बदलता येते, तिला जोडलेली फाइलसुद्धा बदलता येते, आणि तसे केल्यावर पोस्टवरील मूळ तारीख कायम राहते. बदल झाल्याची खूण म्हणून वेळेशेजारी ‘एडिटेड’ असा एक बारीक शब्द तेवढा उमटतो. मंगल कार्यालयातील पडद्याचा फोटो एका मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये होता. तो मोठा करून पाहिला तेव्हा प्रत्येक चित्र नेमके त्या शब्दाच्या जागी कापलेले आढळले. म्हणजे आधी भरपूर पोस्ट टाकून ठेवायच्या, परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका समोर घेऊन त्यांतल्या सोयीच्या पोस्टमध्ये उत्तरे भरायची आणि त्यांची चित्रे पुढच्या बॅचला दाखवायची. सगळीच चित्रे बनावट होती असे मी म्हणत नाही. रोज पन्नास-साठ ओळी टाकणाऱ्याच्या काही ओळी परीक्षेत येणारच. परंतु लागलेले अठरा प्रश्न सांगणारा न लागलेल्या हजारो ओळींचा हिशेब कधीच देत नाही. त्यामुळे असा पुरावा कोणी दाखवला तर ती पोस्ट आपल्या मोबाइलवर चॅनेलमध्येच उघडून पाहावी, वेळेशेजारचा शब्द पाहावा आणि परीक्षेपूर्वी ती फाइल डाउनलोड केलेला एखादा जुना विद्यार्थी गाठून त्याच्याकडची प्रत मागावी.

फलकावरील यशस्वी उमेदवारांचे प्रकरणही असेच निघाले. त्यांच्यापैकी एकाला आम्ही समाजमाध्यमावर निरोप पाठवला तेव्हा त्याने कळवले की तो या क्लासच्या फक्त मोफत अभिरूप मुलाखतीला बसला होता आणि फोटो वापरण्याविषयी त्याला कोणी विचारलेले नव्हते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही, त्याने नेमका कोणता कोर्स केला होता हे जाहिरातीतच सांगावे लागते, आणि ‘थोड्याच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई करणेही निषिद्ध आहे. टेबलावरच्या मॅडमचे ते वाक्य या यादीत बरोबर बसते.

दोन्ही प्रती घेऊन आम्ही क्लासच्या ऑफिसात गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी आधी चौकट म्हणजे ‘सुधारित आवृत्ती’ असल्याचे सांगितले. ‘सुधारणा परीक्षेनंतर कशी झाली?’ असे विचारताच विषय बदलून ते कायद्यावर आले. शिक्षण संस्थेला ग्राहक कायदा लागू होत नाही, आणि पावतीप्रमाणे आम्ही साहित्य विकत घेतले असून ते आम्हाला पोहोचलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यातील पहिला मुद्दा ऐकून अनेक मुले परत फिरतात, म्हणून स्पष्ट लिहिते: महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याबाबत तसे निर्णय आहेत, परंतु खासगी कोचिंग क्लासला त्या अर्थाने शिक्षण संस्था मानता येणार नाही आणि त्याच्या सेवेतील त्रुटीवर तक्रार चालू शकते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये सांगितलेले आहे. दुसऱ्या मुद्द्यालाही फारसा अर्थ नाही, कारण साहित्य विकणाऱ्यालाही खोटी जाहिरात करण्याची मुभा नसते. शेवटी त्यांनी निम्मे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, मात्र आमची कोणतीही तक्रार नाही आणि यापुढे कोठेही याविषयी काही लिहिणार नाही असे लिहून मागितले. आम्ही ते दिले नाही.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लासकडून ‘साहित्य दिले आहे’ एवढेच उत्तर आल्याने आता जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे क्लासचे मुख्य कार्यालय पुण्यात असले तरी सोलापूर सोडावे लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. खोटा पुरावा दाखवून पैसे घेतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांकडेही जाता येते. तो अर्ज आम्ही दिला आहे, मात्र त्यावर अजून काही हालचाल झालेली नाही.

आमच्या वकील ओळखीच्या ताईंनी सांगितलेली एक गोष्ट या बॅचच्या इतर मुलांच्या उपयोगाची आहे. एकाच प्रकारे नुकसान झालेले अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार चालवता येते, आणि मोबाइलमधील फाइली पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी ज्या मोबाइलवर फाइल मूळ डाउनलोड झाली तोच मोबाइल हाताशी असणे बरे. चॅनेलवरील जुन्या पोस्ट आता एकेक करून नाहीशा होत आहेत. तेव्हा ज्यांच्याकडे परीक्षेपूर्वी डाउनलोड केलेल्या पीडीएफ असतील त्यांनी त्या पुसू नयेत, ‘एडिटेड’ खूण दिसणाऱ्या ज्या पोस्ट अजून शिल्लक आहेत त्यांचे स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवावे आणि पैसे भरल्याच्या यूपीआय नोंदीसह ते सर्व घेऊन आमच्या तक्रारीत सामील व्हावे.