मुंबईचे पालिका नियम सुट्या पानांच्या फाइलमध्ये: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बांधकाम परवानगी, पुनर्विकास, दुरुस्ती, कचरा, दुकानाची पाटी, यातल्या कशाशीही रोजचा संबंध असलेल्या मुंबईकराला एक प्रश्न सतत पडतो: आज लागू असलेला नियम नेमका वाचायचा कुठे? आमचं परळला छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे. काम मुख्यतः चाळी आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोन गोष्टी एकदम सुरू केल्या. एका खासगी कंपनीच्या ऑनलाइन कायदेसंग्रहाची वर्गणी भरली आणि ऑफिसातच सुट्या पानांची, म्हणजे नियम बदलला की तेवढंच पान बदलता येईल अशी, फाइल बांधायला घेतली. दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर हे लिहितेय. वर्गणी आम्ही चालू ठेवू, पण विश्वास टाकतो तो फाइलवर.

मुंबईच्या नियमांचं एक पुस्तक नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. मुळाशी आहे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. तो फक्त मुंबईचा. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलात की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागतो; कलमांचे क्रमांक वेगळे, काही ठिकाणी पद्धतही वेगळी. १८८८ च्या कायद्याच्या कलम ४६१ खाली पालिका उपविधी, म्हणजे स्वतःचे पोटनियम, करते, पण राज्य सरकारची मान्यता मिळाल्याशिवाय ते लागू होत नाहीत. किती आणि कसं बांधता येईल याचे विकास नियंत्रण नियम मात्र या कायद्यात नाहीत. ते प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतात, म्हणजे आपली डीसीपीआर २०३४, मुंबईची सध्याची विकास नियंत्रण नियमावली. या सगळ्यावर परिपत्रकांचा थर. आणि यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळापत्रकाने बदलत असते.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत नगर परिषदेने केलेला प्रत्येक कायमस्वरूपी नियम एकाच संहितेत त्याच्या जागी बसवला जातो. ही संहिता सांभाळणाऱ्या संस्था ठरावीक काळाने पुरवणी पानं पाठवत. सोबत चिठ्ठी असे: अमुक पानं काढा, तमुक घाला. प्रत्येक कलमाच्या शेवटी ते कोणत्या ठरावाने आलं आणि कधी बदललं याची नोंद असते. आम्ही ही पद्धत तिथूनच घेतली. बदल एकच केला: काढलेलं पान आम्ही फेकत नाही.

एफएसआय म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल ते, आणि फंजिबल म्हणजे त्यावर मिळणारं जादा क्षेत्र. आमच्या फाइलमधलं फंजिबल एफएसआयचं पान कसं आहे ते सांगते. वर उजव्या कोपऱ्यात नियमावलीचं पूर्ण नाव, विनियम ३१(३) आणि 'लागू दिनांक'. मध्ये नियमाचा मजकूर, राजपत्रातून जसाच्या तसा; निवासी बांधकामाला ३५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा पेन्सिलने अधोरेखित. खाली आडव्या रेघेनंतर पूर्वेतिहास: १९९१ च्या नियमावलीत हाच विषय ३५(४) मध्ये होता, तोही २०१२ च्या दुरुस्तीने आलेला. डाव्या समासात संबंधित परिपत्रकांचे क्रमांक. मागच्या खिशात गुलाबी कागदावर जुना मजकूर. नवा पांढरा, जुना गुलाबी, एवढाच संकेत. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलालाही तो लगेच कळतो.

गुलाबी पानांचा एवढा अट्टहास का, असं आमच्या सरांनीच सुरुवातीला विचारलं होतं. उत्तर रोजच्या कामात मिळत गेलं. मुंबईतल्या बऱ्याच इमारती आजच्या नियमांवर उभ्याच नाहीत. कुणाचा नकाशा १९६७ च्या नियमावलीत मंजूर झालाय, कुणाचा १९९१ च्या. त्याच्याही आधीच्या बांधकामाचा प्रश्न आला की निवासीसाठी १७ एप्रिल १९६४ आणि अनिवासीसाठी १ एप्रिल १९६२ या कट-ऑफ तारखांच्या आधीपासून ते असल्याचा पुरावा शोधावा लागतो. सोसायटीची बाल्कनी आत घेतलेली आहे, ती त्या वेळी नियमात होती का? याचं उत्तर आजच्या मजकुरात कसं सापडणार? ज्या संग्रहात फक्त 'अद्ययावत' मजकूर आहे, तो नवी इमारत बांधणाऱ्याच्या कामाचा. जुनी इमारत सांभाळणाऱ्याला तो अर्धाच पुरतो.

क्रमांकांचं उदाहरण तर आमच्या परळ-लालबागचंच आहे. १९९१ च्या नियमावलीत ३५ म्हटलं की एफएसआयची मोजणी. डीसीपीआर २०३४ मध्ये ३५ म्हणजे कापड गिरण्यांच्या जमिनी, ज्या पूर्वी ५८ मध्ये होत्या. जुन्या फायलीत 'विनियम ३५ नुसार' असं वाचून नवं पुस्तक उघडलं तर भलत्याच विषयात शिरतो आपण.

या ५८ बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नियमाचा पूर्वेतिहास जपणं कशाला म्हणतात ते यात दिसतं. १९९१ मध्ये या विनियमाचा आशय असा होता की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला तर ढोबळ मानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे. २००१ मध्ये मजकूर बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीची इमारत पाडून जी जागा मोकळी होणार ती या हिशेबातून बाहेर. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावाचं आजचं रूप ज्या शब्दबदलाने ठरलं, तो आजचं पुस्तक वाचणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. आमच्या फाइलमध्ये ही तिन्ही पानं एकापाठोपाठ आहेत. गिरणी कामगारांच्या घरातली माणसं ऑफिसात येतात, तेव्हा मी ती त्यांच्यापुढे ठेवते. त्यांच्या वडिलांच्या गिरणीच्या जमिनीचं काय झालं, ते त्यांना कागदावर वाचता आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा नियम, जो आम्ही कसोशीने पाळतो: कायद्याचं नाव लिहिल्याशिवाय कलमाचा क्रमांक लिहायचा नाही. '७९-अ ची प्रोसेस झाली का?' असं पुनर्विकासाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं. सहकार कायद्यातल्या ७९-अ खालच्या निर्देशांतून येते ती सोसायटीने पुनर्विकासासाठी पाळायची कार्यपद्धती. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय त्याचाच. म्हाडा कायद्यातलं ७९-अ धोकादायक उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचं: मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने, तो हलला नाही तर रहिवाशांच्या संस्थेला. चाळीतल्या माणसाने पहिलं वाचलं आणि नोटीस दुसऱ्याखाली आलेली असली तर मुदत हातची जाते. १५४ ची तर आणखी मोठी डोकेदुखी आहे. पालिका अधिनियमातलं १५४ मालमत्ता करासाठीच्या मूल्याचं, नगररचना अधिनियमातलं १५४ सरकारच्या निर्देशांचं, आणि सहकार कायद्यातलं १५४-ब गृहनिर्माण संस्थांचं. एक्सेलच्या अनुक्रमणिकेत आम्ही पहिला रकाना कायद्याचा ठेवला, दुसरा कलमाचा. शोधायला सोपं जावं म्हणून ३५४-अ, ३५४ए आणि ३५४क अशा तिन्ही नोंदी एकाच पानाकडे नेतात, कारण कागदपत्रांत तिन्ही सापडतात.

प्रत्येक पानावर शिक्का असतो: 'मसुदा', 'लागू', 'रद्द' किंवा 'निर्देशाने तात्काळ लागू'. शेवटचा शिक्का बाहेरच्यांना विचित्र वाटेल. विकास नियंत्रण नियमात फेरबदल करायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते, हरकती मागवल्या जातात, मग शासनाची मंजुरी आणि राजपत्र. पण सरकार ३७(१कक) खाली स्वतः फेरबदल सुरू करतं, तेव्हा सोबत १५४ चा निर्देश देऊन अंतिम मंजुरीआधीच तो अमलात आणू शकतं. म्हणजे हरकती चालू आहेत आणि नियमही चालू आहे. हे पानावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ऑफिसातली दोन माणसं दोन वेगळी उत्तरं देतात, आणि दोघांकडेही कागद असतो.

'मसुदा' शिक्क्याचा उपयोग कचऱ्याच्या बाबतीत झाला. स्वच्छतेचे उपविधी २००६ चे आहेत. २०२५ मध्ये पालिकेने नव्या घनकचरा उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. लगेच त्यातले वाढीव दंड व्हॉट्सॲपवर फिरू लागले. गिरगावातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका तोच मेसेज घेऊन आले: "मॅडम, हे नोटीस बोर्डावर लावायचं का?" मी त्यांना पान दाखवलं. "काका, हा मसुदा आहे. राजपत्रात मंजुरी येईपर्यंत जुनाच दर धरायचा. बोर्डावर लावायचंच असेल तर वर 'मसुदा' लिहून लावा." त्यांनी तसंच लावलं, आणि खाली हरकत कुठे पाठवायची तेही लिहिलं.

उलट प्रकार 'रद्द' चा. भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर मुंबईत २०१० पासून आला. त्यासाठीच्या २०१० आणि २०१५ च्या नियमांतले २०, २१ आणि २२ हे नियम उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण न्यायालयाने रद्द केलेला नियम छापील पुस्तकातून आपोआप पुसला जात नाही. आधीची प्रत हातात असलेल्याला तो जिवंतच वाटतो. म्हणून निकालसुद्धा दुरुस्तीसारखाच त्या पानावर चढला पाहिजे.

परिपत्रकांचा भाग सर्वांत कटकटीचा आणि माझ्या मते सर्वांत गरजेचा. पालिका अधिनियमाचं कलम ३५३-ब सांगतं की इमारतीला ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, आणि नंतर दर दहा वर्षांनी. इतपत कायद्यात. पण रहिवाशांच्या तोंडी असतात ते सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ हे वर्ग. इमारत रिकामी करून पाडायची की दुरुस्तीवर भागेल ते त्यावरून ठरतं. दोन ऑडिट अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचं. हे वर्ग आणि ही समिती कलमात शोधून सापडत नाहीत. ती मार्गदर्शक तत्त्वांमधून आलेली आहेत. कलमाच्या मागे लगेच ती तत्त्वं लावली नाहीत तर फाइल असून नसल्यासारखी. पावसाळ्यात हेच पान सर्वांत जास्त वेळा निघालं. त्याच्या भोकांना आता गोल चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या आहेत.

ऑनलाइन संग्रहाबद्दल. इंग्रजी मजकुरात शोध झटपट लागतो, आणि साइटवर उभं राहून मोबाइलवर कलम वाचता येतं, हे मोठं सुख. न्यायनिर्णयांचे दुवेही चांगले. तक्रारी दोन, आणि दोन्ही मुळातल्या. एक, मजकूर कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते पानावर दिसत नाही. दुरुस्ती आली की जुना मजकूर गायब. डीसीपीआरची मंजुरीसुद्धा टप्प्याटप्प्याने आली होती, मुख्य भाग ८ मे २०१८ च्या अधिसूचनेने आणि त्या वेळी वगळलेले भाग नंतर. तिथे हा भेद दिसतच नाही. दोन, मराठी. जुन्या अधिसूचना स्कॅन करून चढवल्यात किंवा जुन्या फाँटमधल्या आहेत. 'पुनर्विकास' टाइप केलं की शून्य निकाल, आणि मजकूर कॉपी केला की निरर्थक चिन्हांची रांग. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक मराठीतून विचारतात. त्यांच्यासाठी महत्त्वाच्या अधिसूचना आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतल्या. वेळ गेला, पण ऑफिसातलं हेच काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

मेहनतीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ही फाइल एकदा बांधून होत नाही. आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी एक जण राजपत्र आणि नवी परिपत्रकं चाळतो. बदल असेल तर पानबदलाची चिठ्ठी लिहितो: कोणतं पान गुलाबी झालं, कोणतं नवीन आलं, कशाच्या आधारे. दुसरा मूळ राजपत्राशी ताडून सही करतो. दोन सह्यांशिवाय पान लागत नाही. कामाच्या गडबडीत एखादा शुक्रवार टळला तर पुढच्या आठवड्यात आधी मागचं राहिलेलं बघायचं, मग नवीन. एकट्याने काम करणाऱ्याला हे झेपणं कठीण आहे. दोन-तीन छोट्या ऑफिसांनी मिळून केलं तर सहज जमेल.

सोसायटीच्या कमिटीला एवढ्या पसाऱ्याची गरज नाही. ३५३-ब आणि त्याची मार्गदर्शक तत्त्वं, सहकारातलं ७९-अ, डीसीपीआरच्या विनियम ३३ मधला आपल्याला लागू असलेला भाग (उपकरप्राप्त इमारतीला ३३(७), म्हाडा वसाहतीला ३३(५), अस्तित्वातल्या सोसायटीला बहुधा ३३(७)(ब)), कचऱ्याचे उपविधी आणि आपल्या इमारतीचे मूळ मंजूर नकाशे. एका बॉक्स फाइलमध्ये मावतं. प्रत्येकावर तारीख टाका, आणि कमिटी बदलली की फाइल सही घेऊन नव्या सेक्रेटरींच्या ताब्यात द्या.

आमच्या फाइलमध्ये अजून एक मोठी उणीव आहे: लोक ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांची अनुक्रमणिका. कुणी 'विनियम ३१' विचारत नाही. विचारतात ते गच्चीवरचा पत्रा, बंद केलेली बाल्कनी, वरच्या घरातून होणारी गळती, दुकानापुढचं शेड. गळतीचं उत्तर तर पालिकेच्या कायद्यापेक्षा सोसायटीच्या उपविधींत आधी पाहावं लागतं. असे शब्द आता येणाऱ्यांच्या बोलण्यातूनच वहीत टिपून ठेवतोय. दिवाळीनंतर तो भाग जोडला की पाठोपाठ मालमत्ता कराची पानं नव्याने लावायला घेऊ.