एमएक्स-५ च्या छताचे ड्रेन घरी साफ करायचं किट: पानगळ ते उन्हाळा, वापरून झाल्यावर

किट कसलं ते आधी सांगतो. ऑनलाइन दहा-बारा पौंडात मिळतं, डब्यावर कंपनीचं नाव पण धड नाही. आत साधारण दीड मीटर लांब लवचिक तारेचा ब्रश, तसाच एक आखूड आणि बारीक ब्रश, पुढे आकडा असलेली एक तार, आणि नळी लावलेला रबरी फुग्याचा पंप. वर्णनात लिहिलंय फ्रिज, सनरूफ, एसी, सगळ्याच्या ड्रेनला चालतं, म्हणजे खास असं कशासाठीच नाही. मी घेतलं ते माझ्या माझदा एमएक्स-५ साठी, दुसरं मॉडेल, इथे इंग्लंडमध्ये मार्क टू म्हणतात आणि बाकी जग एनबी म्हणतं, १९९८ ते २००५ मधलं. दोन सीट, कापडी छत, वीस वर्षांच्या पुढचं वय, गॅरेज नाही म्हणून वर्षभर रस्त्यावर उभी, आणि डोक्यावर सिल्व्हर बर्चचं झाड. ज्यांना बर्च माहीत नाही त्यांना सांगतो, दिसायला फार देखणं झाड पण त्याचं बी कोंड्यासारखं बारीक असतं आणि उन्हाळा संपत आला की ते हजारोंनी गळतं, बॉनेटच्या फटीत, वायपरखाली, छताच्या घडीत, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे जाऊन बसतं.

आता हे ड्रेन म्हणजे नक्की काय, कारण बऱ्याच लोकांना गाडी घेऊन दोन-तीन वर्षं झाली तरी माहीत नसतं. कापडी छतावरचं पाणी मागच्या काचेवरून खाली येतं ते बाहेर बॉडीवर पडत नाही, छताच्या मागच्या कडेला आतून एक पन्हळ असते, इथले लोक तिला रेन रेल म्हणतात, त्यात जमा होतं. तिथून डावीकडे-उजवीकडे वाहत जाऊन सीटबेल्टच्या खांबामागे दोन कोपऱ्यांत दोन भोकं आहेत त्यात पडतं, भोकातून नळी, आणि नळीचं तोंड गाडीखाली मागच्या चाकाच्या जरा पुढे. बस एवढंच, मोटर नाही सेन्सर नाही, पाणी आपल्या वजनाने जातं. म्हणून तर तुंबतं पण, कारण त्या भोकावर एनबीमध्ये जाळीबिळी काही नाही, नंतरच्या एनसी मॉडेलपासून तिथे प्लॅस्टिकची गाळणी बसवलीय, म्हणावं सुटका झाली, तर तीच गाळणी भरते आणि मालकाला ती असते हेच माहीत नसतं, असा तो प्रकार.

तुंबलं की पाणी भोकाच्या वर साठतं आणि मग वाट मिळेल तिकडे जातं. थोडं सीटच्या मागच्या कार्पेटवर येतं, ते निदान दिसतं तरी. बाकीचं दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे ती पोकळ पेटी असते ना बॉडीची, तिच्यात उतरतं आणि तिथेच बसून राहतं. एनए, म्हणजे पहिलं मॉडेल, आणि एनबी दोन्हींच्या सिल मागच्या चाकाच्या पुढे आतून गंजतात हे इथे जुनी एमएक्स-५ बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, लोक इंजिन ऐकायच्या आधी गुडघ्यावर बसून तिथे बोटाने दाबून बघतात. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बिस्किट झालेला असतो. मग एमओटीला, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीला, नापास, वेल्डिंग, काही शे पौंड. तेव्हा हा दहा पौंडांचा विषय वाटतो तेवढा फालतू नाहीये.

माझ्याकडे लक्षण काय होतं, तर वळणावर मागून डबक-डबक असा आवाज, सकाळी काचा आतून धुरकट, आणि वास. गॅरेजला विचारलं तर त्यांनी तासाचे पैसे आणि वर "कार्पेट काढावं लागलं तर वेगळे" असं सांगितलं, मग म्हटलं जाऊ दे, आपणच बघू.

आता किटचं. लांब ब्रश हा एकच भाग खरा कामाचा, पण तोही आहे तसा वापरू नका. पाकिटात गुंडाळून आलेला असतो त्यामुळे तो गोल वळायचा हट्ट धरतो, सरळ नळीत घातला तरी भिंतीला घासत जातो. बादलीत गरम पाणी घेऊन त्यात थोडा वेळ ठेवायचा आणि दोरीवर सरळ टांगून वाळवायचा, मग बराच सुधारतो. दुसरं म्हणजे त्याच्या टोकाला तारेची पिळलेली कडा उघडी असते, हाताला टोचते इतकी. ती नळीला आतून ओरखडे पाडणार हे उघड आहे, म्हणून मी टोकावर हीट-श्रिंकचा, म्हणजे गरम केलं की आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा, तुकडा चढवला, नसेल तर गरम गोंदाचा एक थेंब पण चालेल. काही महिन्यांनी ब्रशचे केस थोडे झडले, मधल्या भागातले, पण काम अडलं नाही.

आकडा मी एकदाही नळीत घातला नाही आणि तुम्हीही घालू नका. वरवरची पानं ओढून काढायला ठीक, तोही हिवाळ्यात गंजला. रबरी पंप तर सांगूच नका, थंडीत रबर कडक झालं आणि जोडावर फाटलं, त्याच्यापेक्षा स्वयंपाकघरातली सॉसची रिकामी पिळायची बाटली शंभर पटीने बरी, धार पाहिजे तिथे पडते आणि जोर आपल्या हातात राहतो.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं हत्यार किटमध्ये नव्हतंच, ते होतं शेडमध्ये. गवत कापायच्या स्ट्रिमरची नायलॉनची दोरी, अडीच-तीन मिलीमीटर जाड, गोल वाली घ्यायची, ती चौकोनी किंवा चांदणीसारखी कडा असलेली नाही. टोक लायटरने जरासं वितळवून गोल करायचं. ही वळणाला वळते, अडलं तर वाकते, नळी फाडत नाही, आणि हाताला कळतं पुढे काय आहे, मऊ गाळ आहे की नळीचं वळण आहे. इथले जुने एमएक्स-५ वाले वर्षानुवर्षं हेच वापरतात. मी आता आधी दोरी घालतो, वाट झाली की मगच ब्रश.

पद्धत माझी अशी बसलीय. कोरडा दिवस बघायचा, छताची पुढची दोन्ही लॅच सोडून छत अर्धंच मागे घ्यायचं, पूर्ण पाडलं तर भोकं झाकली जातात. टॉर्च घेऊन सीटबेल्टच्या खांबामागे बघायचं. पहिल्यांदा जे दिसतं ते बघून नाक मुरडाल, काळा चिखल, त्यात बर्चचं बी, धूळ, कापडाचे धागे, एका कोपऱ्यात तर चक्क रोप उगवलेलं होतं दोन पानांचं. हे सगळं आधी वरूनच काढायचं, बोटांनी, चिमट्याने, व्हॅक्यूमने. ओल्याचा व्हॅक्यूम असेल तर उत्तम, भोकावर धरून ओढला की अर्धं काम तिथेच होतं. लोक थेट पाणी ओततात आणि तो सगळा गाळ खाली ढकलतात, मग तो नळीच्या वळणात जाऊन घट्ट बसतो. वरचं साफ झालं की दोरी हळूहळू फिरवत घालायची, जोर लावायचा नाही. मग बाटलीने कोमट पाणी थोडं थोडं, आणि दुसऱ्या कोणालातरी खाली वाकून बघायला सांगायचं चाकाच्या पुढे पाणी पडतंय का. आमच्याकडे हे काम मुलीला दिलंय, ती "आलं आलं, काळं आलं, आता पांढरं" अशी कॉमेंट्री करते. स्वच्छ पाणी पडायला लागलं की ब्रश, आणि शेवटी कार शॅम्पूचे दोन थेंब टाकलेलं पाणी. दोन्ही बाजूंना तेवढंच पाणी ओतून कुठलं आधी संपतं ते बघायचं, फरक दिसला की त्या बाजूला अजून काहीतरी आहे.

कम्प्रेसरची हवा मारू नका. हे मी ओरडून सांगतो कारण व्हिडिओंमध्ये सगळे तेच करतात, छान दिसतं ना, फुस्स करून घाण उडते. नळी वरच्या तोंडाला नुसती घट्ट बसवलेली असते, जुन्या गाडीत रबर कडक झालेलं असतं, दाबाने ती आतल्या आत निसटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. उलट पाणी आता झपाझप जातंय म्हणून आपण खूश, आणि ते जातंय सरळ सिलमध्ये. तुंबलेली नळी परवडली. तसंच सिंकचा चोकअप काढायचं केमिकल, कॉस्टिक वालं, ते पण नको, रंगाची वाट लावतं.

सिलच्या खालच्या शिवणीवर पाणी निघायला बारीक फटी ठेवलेल्या असतात, त्या चिखलाने किंवा कोणी आधी मारलेल्या गंजरोधक मेणाने बुजतात. खाली वाकलोच आहोत तर त्याही टोकदार काडीने मोकळ्या करायच्या. आखूड ब्रश इथे मात्र कामाला आला.

खरी मेहनत ड्रेनची नाहीच, वाळवायची आहे. कार्पेट वरून कोरडं लागतं पण त्याच्याखाली जाड फेल्ट असतं, ते ओल्या गोधडीसारखं पाणी धरून ठेवतं आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात ते आपोआप वाळेल ही आशा सोडा. प्रत्येक सीटचे चार बोल्ट, १४ चा पाना, सीट बाहेर, कार्पेट उचलून खाली लाकडाचे ठोकळे, आणि घरातला डीह्युमिडिफायर एक्स्टेन्शन वायर लावून दारं-काचा बंद करून आत ठेवला. शेजारचे आजोबा येऊन विचारून गेले की गाडीला ताप आलाय का. टाकीतलं पाणी दोनदा ओतावं लागेल असं धरून चाला. हे न करता नुसते ड्रेन साफ केले तर काचा धुरकट होणं काही थांबत नाही आणि मग लोक म्हणतात किट बेकार आहे.

आणि प्रत्येक ओल ड्रेनचीच नसते. सीटच्या मागे ओलं असेल तर ड्रेन तुंबलाय किंवा रेन रेल फाटलीय. पायाशी पुढे ओलं असेल तर दाराच्या काचेचं रबर किंवा विंडस्क्रीनखालची जागा बघा, उन्हाळ्यात डावीकडे पुढे पाणी असेल तर एसीची नळी पण असू शकते. डिकीत पाणी असेल तर मागच्या लाइटची गास्केट, आणि ते दुर्लक्षू नका, कारण एनए-एनबीमध्ये बॅटरी डिकीतच आहे. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरवाल्यांचं तर अजून महाग दुखणं, त्यांच्या सीटखाली इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी टाळायला गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल बॉक्स असतो, तिथे पाणी पोचलं की गाडी सुरूच होत नाही, तेव्हा त्यांनी हे ड्रेन आमच्यापेक्षा जास्त मनावर घ्यावेत.

पुण्याला भावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसला, म्हणाला तुझे शौक तुला लखलाभ, आणि जूनमध्ये त्याचाच फोन, नव्या एसयूव्हीच्या पॅनोरमिक सनरूफमधून दिव्याजवळून पाणी गळतंय. तेच आहे हो. सनरूफ म्हणजे पाणी अजिबात आत न येणारी काच नव्हे, काचेच्या भोवती पन्हळ असते आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांना चार नळ्या, पुढच्या दोन विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबातून खाली येतात. त्याची गाडी गुलमोहराखाली उभी असते, ती बारीक पानं चाळणीतून पण जातील. त्याला सांगितलं काच पूर्ण उघड, कोपरे पूस, कपभर पाणी हळूच ओत आणि खाली बघ. पुढचे दोन कोपरे पुसल्यावरच सुटले, दोरी लागलीच नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र नळीत काही खुपसू नका, सर्व्हिस सेंटरला द्या, खांबातली नळी निसटली तर आतलं सगळं ट्रिम उतरवावं लागतं.

किटला मी पाचपैकी अडीच देईन, ते पण लांब ब्रशमुळे. तो सुटा मिळाला तर तेवढाच घ्या. वारंवारता म्हणाल तर पानगळीत दर दोन-तीन आठवड्यांनी नुसतं कोपऱ्यात बघणं आणि कपभर पाणी, नळीत दोरी घालणं वर्षातून दोनदा खूप झालं, उगाच रोज उकरत बसू नये. झाडाखालून गाडी हलवता आली तर सगळ्यात बरं पण आमच्या गल्लीत जागा मिळेल तिथे लावायची, निवड नाही.

हिवाळाभर आत कोरडं राहिलं, काचा पण ठीक. फक्त डावीकडचं पाणी अजूनही उजवीपेक्षा सावकाश जातं. रस्ता कडेला उतरता असतो म्हणून डावीकडे पाणीही जास्त जातं आणि घाणही, हे एक, पण सपाट जागेवर ओतून बघितलं तरी फरक आहेच. दोरी आरपार जाते, म्हणजे नळी कुठेतरी दबलीय किंवा वरच्या तोंडाशी अर्धी सरकलीय असा माझा संशय आहे. बर्चचं बी गळायला लागायच्या आत डाव्या खांबाचं ट्रिम काढून बघणार आहे. कोणी एनबीचं ते ट्रिम क्लिप न मोडता काढलं असेल तर कसं ते सांगा.